पूजेत ठेवलेली किल्ली

वेस्ट मांबलम, मद्रास
ता. ४ जून १९५९

ती. सौ. त्रिपुरसुंदरी वन्संच्या चरणी,
प्रमोदिनीचा शि. सा. न. वि. वि.

आपण तिरुचीहून पाठवलेला मुरुक्क्यांचा डबा पोचला. डबा पोचला असे लिहिते, मुरुक्के पोचले असे लिहीत नाही, कारण एग्मोर स्टेशनवरून घरी येईपर्यंत आपल्या धाकट्या बंधुराजांनी निम्मे संपवले होते. उरलेले मामंजींनी आणि मी वाटून घेतले. आमच्याकडच्या चकल्यांपेक्षाही खुसखुशीत झाले होते. मी केले की त्यांचे एक तर दगड होतात, नाही तर पीठ.

मे महिन्यातले कत्तिरीचे ऊन संपले असे शेजारच्या मामी सांगतात, पण उन्हाला ते कोणी सांगितलेले दिसत नाही. विहीर तळाला गेली आहे. हे सकाळी साडेसहाला रेल्वेच्या कारखान्यात जातात ते संध्याकाळी घामाने भिजून येतात. बाकी सर्व क्षेम.

आता खरी बातमी. हसणार नसाल तर सांगते. मी मामंजींची जीप चालवायला शिकते आहे. कल्पना माझी नव्हे, त्यांचीच. चैत्रात एके दिवशी कॉफी पिता पिता म्हणाले की सूनबाई, उद्यापासून वंडी शिकायची. मला वाटले थट्टा करताहेत. तर दुसऱ्या दिवशी सहा वाजता किल्ली घेऊन अंगणात उभे. आमच्या कऱ्हाडला मी सायकलसुद्धा कधी धरली नव्हती, आणि ही तर लढाईतली अमेरिकन गाडी, हातात धरायचे चाक डाव्या बाजूला. पायाखालच्या पत्र्याला भोक आहे, त्यावर बिस्किटाच्या डब्याचे झाकण ठोकले आहे. मिठागरातल्या मिठाने पत्रा खाल्ला असे मामंजी इतक्या अभिमानाने सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावे वाघाने खाल्ला.

शिकवण्याची तऱ्हाही न्यारी. शेजारी बसून डोळे मिटून घेतात. रस्त्याकडे बघतच नाहीत. नुसत्या आवाजावरून सांगतात की क्लच अर्धाच दाबलास, गिअर उशिरा टाकलास, चोक आत ढकल, तिला ठसका लागला आहे. पहिल्या पंधरा दिवसांत मी एक कुंपण पाडले आणि भाजीवाल्याच्या दोन टोपल्या उलथवल्या. परवा मात्र टी. नगरात पनगल पार्कला अख्खी फेरी मारली. साड्यांच्या दुकानांतली मंडळी बाहेर येऊन बघत उभी राहिली. मी गाडीचे नाव म्हातारी ठेवले आहे.

आपल्या मायेची सावली अशीच असावी, आणि कुंपणवाल्यांच्या घरी ही बातमी आपल्याकडून जाऊ नये, ही विनंती.

आपली
प्रमोदिनी


तिरुचिरापल्ली
ता. ११ जून १९५९

चि. सौ. प्रमोदिनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. मुरुक्के आवडले म्हणून बरे वाटले. इथे सर्व सुखरूप आहेत. आमच्याकडच्यांची बँक, पोरांच्या शाळा, माझी फिल्टरची कापी, असे चालले आहे.

पोटात एक आणि ओठांत एक मज जमत नाही. म्हणून सरळ लिहिते. तुझे पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला.

तू नवी आहेस, तुज ठाऊक नसेल म्हणून सांगते. ती वंडी एन्नोरच्या मीठ खात्यात आली तेव्हा मी बारा वर्षांची होते. तंजावर सोडून आम्ही एन्नोरास राहत होतो. अप्पा मिठागरे तपासायला निघाले की मी शाळा बुडवून उजव्या बाजूस जाऊन बसे. बांध असा अरुंद, की दोन्हीकडे पाणीच दिसे. पलीकडच्या कोळीवाड्यातला सुब्बा वंडीचे तेलपाणी बघायचा. त्याने मज स्पार्क प्लग घासायला शिकवले. आई ओरडायची, पोरीच्या हातास काळे लागते म्हणून. आमचा गुरू, म्हणजे तुझे यजमान, तेव्हा वंडीत बसला की ओकायचा. त्याला विचार.

पंधराव्या वर्षी मी अप्पांस म्हटले, मज चालवायला शिकवा म्हणून. हात मोडून घेशील, मग तुला कोण करून घेईल म्हणून हसले. अठराव्या वर्षी लग्न झाले, तेव्हा दोन्ही हात शाबूत होते. पहिल्या माहेरपणास पुन्हा विचारले. सासरचे काय म्हणतील म्हणून म्हणाले. आता तुझे सासरचे काय म्हणतात ते मज कळव. तुझे सासरचे म्हणजे तेच नाहीत का?

मी तेरा वर्षे मागत होते, आणि तू न मागता दोन महिन्यांत चाकाशी बसलीस. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. आणि तिला म्हातारी म्हणू नकोस. तिला नाव ठेवणारी तू कोण?

माझा लोभ आहे, पण ह्या महिन्यात तो जरा आंबला आहे.

त्रिपुरसुंदरी


वेस्ट मांबलम
ता. २० जून १९५९

ती. सौ. वन्संस,
बिळातल्या नागोबाचा फणा टेकून नमस्कार.

आपले पत्र ह्यांना दाखवले नाही. मामंजींनाही वाचून दाखवले नाही, वन्संचे सगळे ठीक आहे एवढेच सांगितले. एकटीने दोनदा वाचले आणि मोरीत जाऊन रडले. मग तोंड धुतल्यावर वाटले की आपण म्हणता ते काही खोटे नाही. मी आपल्या जागी असते तर मीसुद्धा कडाकडा बोटे मोडली असती. ओकण्याबद्दल ह्यांना विचारले. हे म्हणाले की ते मीठ खात्याचे गुपित आहे.

दुसऱ्या दिवशी मी मामंजींना म्हटले की आता पुरे, मला जमत नाही, वन्सं माहेरी येतील तेव्हा त्यांना शिकवा. ते उठून बाहेर गेले आणि गाडीचे बॉनेट पुसत राहिले. बराच वेळ एकाच जागी पुसत होते. मग आत येऊन म्हणाले की उद्या सहाला तयार राहा. मी काय करावे ते आपणच सांगा. त्यांच्या शब्दाबाहेर जायची माझी छाती नाही.

हल्ली त्यांची बारीकसारीक कामेही माझ्याकडेच असतात. सकाळी पेपर वाचून दाखवते, आलेली पत्रे वाचते, बाजारात बरोबर जाते. ह्याचाही आपल्याला राग येईल, पण लपवून ठेवण्यापेक्षा सांगितलेले बरे. आणखी एक गोष्ट लिहायची फार मनात आहे. ती लिहू नकोस म्हणून मामंजींनी मला देवापुढे बजावले आहे, तेव्हा लिहीत नाही.

म्हातारी म्हणणे सोडले. आता वंडीच म्हणते.

आंबलेल्या लोभाचीही कढी होते. तेवढी तरी वाढावी, ही विनंती.

आपली
प्रमोदिनी


तिरुचिरापल्ली
ता. २ जुलै १९५९

तीर्थरूप अप्पांस,
सुंदरीचे साष्टांग नमस्कार.

हे पत्र प्रमोदिनीच वाचून दाखवील म्हणून ठाऊक आहे. वाचू दे. तुमचे पेपरही ती वाचते, बाजारही ती करते, मग मुलीचे मन तरी तिच्यापासून का लपवावे?

मी काय कमी केले ते मज सांगा. आई आजारी होती तेव्हा दोन महिने मी येऊन राहिले. दर नवरात्रास पोरांस घेऊन येते, बाहुल्यांचा कोलू लावते, वंडीच्या चाकांखाली लिंबे ठेवते. मी मागितले तेव्हा नाही म्हणालात. तिने मागितले नाही तरी दिलेत. कारण काय ते एका ओळीत लिहा, मी पुन्हा विचारणार नाही.

आणि पत्र लिहाल ते जरा मन लावून लिहा. पूर्वी एका पोस्टकार्डावर तुम्ही चाळीस ओळी बसवीत होता. हल्ली चारच ओळी येतात. अक्षरे आवळ्याएवढी, आणि ओळी वर चढत जातात. मुलीस लिहायचे काम असे उरकून टाकायचे झाले आहे का?

चूकभूल पोटात घाला. पोटात जागा असेल तर.

तुमची
सुंदरी


वेस्ट मांबलम
ता. १५ जुलै १९५९

चि. सौ. सुंदरीस आशीर्वाद.

पत्र पावले. मजकूर ध्यानी आला.
कारण लिहवत नाही.
नवरात्रास ये. कोलू तुझ्याच हातून लागावा.

सेतुमाधव


वेस्ट मांबलम
ता. १४ ऑक्टोबर १९५९

ती. सौ. वन्संच्या चरणी,
अपराधी प्रमोदिनीचे शि. सा. न.

आपण एकादशीला पहाटेच्या गाडीने गेलात. जाताना माझ्याशी बोलला नाहीत. त्यात आपली चूक नाही. मी पूजेतल्या वस्तूला हात लावला, तोही सरस्वतीपुढची पुस्तके पाडून. चार दिवस झाले, आता सगळे लिहून मोकळी होते.

त्या दिवशी, नवमीला, सकाळपासून माझे मन धड नव्हते. वंडीची पूजा झाली, चाकांखाली लिंबे आपण ठेवलीत, आणि मामंजी मला म्हणाले की चल, लिंबांवरून घे. मी आपल्याकडे पाहिले. आपण कोहळा हातात घेऊन भिंतीकडे तोंड केले होते. नको म्हणायचे माझ्या ओठांवर आले होते, पण सगळी गल्ली जमलेली. मी गाडी दहा पावले नेली आणि परत आणली.

दुपारी पाने वाढली, तेवढ्यात सुब्बाचा जावई एन्नोरहून धावत आला. सुब्बाच्या छातीत सकाळपासून कळा येताहेत, कोळीवाड्यापर्यंतच्या वाळूत टॅक्सी येत नाही, बैलगाडीत घातले तर वाटेतच जाईल, असे रडत सांगू लागला. मामंजी भरल्या पानावरून उठले. खुंटीवर किल्ली नव्हती. सगळे घर शोधले. शेवटी ती सरस्वतीपुढे पुस्तकांच्या चवडीवर सापडली, कुंकू लावलेली, वर झेंडूचे फूल.

नवमीला पूजेत ठेवलेले दशमीची पुनर्पूजा झाल्याशिवाय उचलायचे नाही, हे मलाही ठाऊक आहे. शेजारच्या मामी तर दारात आडव्या उभ्या राहिल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे म्हणाले की तुमच्या कऱ्हाडला ठेवत असतील, आमच्याकडे वंडीची पूजा बाहेर होते, किल्ली आत ठेवत नाहीत. मला ती ठेवल्याचे आठवत नव्हते. पण सकाळी मी विळी, कात्री, ह्यांची पट्टी, काय काय नेऊन ठेवले होते. वाटले, घाईत आपणच ठेवली असेल. मी कबूल केले. मामंजी देवीपुढे हात जोडून उभेच राहिले. एक मन सुब्बाकडे आणि एक पूजेकडे. अर्धा तास असा गेला. मग मला राहवले नाही. देवीची क्षमा मागितली आणि किल्ली ओढली.

तेव्हा आपण विचारलेत की हिला कशाला पाठवता, अप्पा स्वतः का नेत नाहीत, ती वाळू त्यांना पाठ आहे. त्याचे उत्तर आज मी देते. शपथ मोडते आहे, पण आता त्या शपथेने माणसे तुटायला लागली आहेत.

मामंजींना दिसत नाही, वन्सं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. मार्चमध्ये एग्मोरच्या डॉक्टरांनी सांगितले की गेलेली नजर परत येणार नाही, औषधाने उरलेली टिकली तर टिकेल. समोरचे एवढेसे दिसते, नळीतून पाहिल्यासारखे. बाजूचे काहीच नाही. गाडी चालवायची नाही असे बजावून सांगितले. त्यानंतर दोन आठवड्यांनी ते मला वंडी शीक म्हणाले. आपली पत्रे मी वाचून दाखवते ती ह्याच कारणाने. सुंदरीला कळवायचे नाही, हे वचन त्यांनी माझ्याकडून त्याच दिवशी घेतले होते.

त्या दिवशी वंडीतून आणलेला सुब्बा मोठ्या इस्पितळात आहे. जिवावरचे टळले. डावा हात मात्र उचलत नाही. लवकर आणले असते तर काही फरक पडला असता का, असे मी विचारले. डॉक्टर म्हणाले की ते सांगता येत नाही.

पूजा मोडल्याचे प्रायश्चित्त काय ते आपल्याकडच्या रीतीने सांगावे. मी ते करीन. पायरीवरची जागा मिळाली तरी पुरे, पण दार लावून घेऊ नये, ही विनंती.

आपली
प्रमोदिनी


तिरुचिरापल्ली
ता. २० ऑक्टोबर १९५९

चि. सौ. प्रमोदिनीस,
आशीर्वाद लिहायास हात धजत नाही, तरी घे.

किल्ली तू ठेवली नव्हतीस. मी ठेवली.

लिंबे फुटली, गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, तू खाली उतरलीस, आणि अप्पांनी तुझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या पाठीवर ती थाप कधी पडली नाही. मी कोहळा फोडला आणि आत आले. तू किल्ली खुंटीस लावून स्वयंपाकघरात गेलीस. ती खुंटीवर हलत होती. मी ती उचलली, कुंकू लावले आणि पुस्तकांवर ठेवली. भक्तीने ठेवली म्हणशील तर नाही. दशमीपर्यंत तरी हिच्या हातास लागू नये म्हणून ठेवली. वर फूल ठेवले ते कोणास संशय येऊ नये म्हणून.

तिथपर्यंत पोरकटपणा म्हणून सोडून देता येईल. पुढचे सोडून देता येत नाही. सुब्बाचा जावई रडत होता, मामी आडव्या उभ्या होत्या, गुरू तुज बोलत होता. मी खांबास टेकून उभी होते. मी ठेवली, खेळ म्हणून ठेवली, पूजेची नव्हे, उचला, एवढे म्हटले असते तर अप्पा त्या क्षणी निघाले असते. अर्धा तास मी तोंड उघडले नाही. कां म्हणशील तर, सगळे तुझ्याकडे रागाने बघत होते आणि मज ते बरे वाटत होते. सुब्बाने मज लहानपणी खांद्यावर बसवून मिठागर दाखवले होते. त्याचा हात अर्ध्या तासाने गेला की नाही ते डॉक्टरांस सांगता येत नाही. मज रोज वाटते की गेला.

अप्पांच्या डोळ्यांचे वाचले आणि पुष्कळ रडले. पण रडता रडता पहिले काय मनात आले तेही लिहिते, म्हणजे मी कशी आहे ते तुज कळेल. पहिले मनात आले ते हे, की हिला आधी कळले. सहा महिने हिला ठाऊक होते आणि मज नाही. अप्पा आंधळे होत आहेत आणि मी त्यातही तुझा हेवा करते. असा माझा स्वभाव आहे.

हे पत्र अप्पांस वाचून दाखव. एक ओळही गाळू नकोस. गुरूसही दाखव, त्याने तुझी माफी मागावी. मामींस मीच पत्र लिहिते आहे. प्रायश्चित्त तुज नाही.

लोभ मागायचे तोंड उरले नाही, म्हणून मागत नाही.

त्रिपुरसुंदरी


वेस्ट मांबलम
ता. ३० ऑक्टोबर १९५९

चि. सौ. सुंदरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहीत आहे. ओळीखाली पट्टी धरून लिहितो. तीन दिवस लागले. प्रमोदिनीने वाचले तर चालेल, पण लिहायास तिला सांगण्याजोगे हे नव्हे.

किल्ली दडविलीस ते वाईट केलेस. गप्प राहिलीस ते त्याहून वाईट. मी रागावलो. मग दोन दिवसांनी तो राग मजकडेच वळला, कारण ही खोड तुज कोठून आली ते मज ठाऊक आहे.

तू कारण विचारिले होतेस. हात मोडेल हे कारण नव्हते. सासरचे, हेही नव्हते. ती वंडी माझी होती. सरकारची होती तेव्हाही माझीच होती. सुब्बा धुताना उगाच चाकाशी बसला तर मी त्याजवर ओरडत असे. वरचे साहेब तपासणीस आले की स्वतः चालवून बघत. त्या दिवशी मज जेवण जात नसे. तुझ्या आईने एकदा म्हटले, माणसावर एवढा जीव लावा म्हणून.

तू चौदा वर्षांची होतीस. मी बांधावर उतरून मीठ बघत होतो. तू चाकाशी जाऊन बसलीस आणि वंडी सुरू करून पाच-सहा हात पुढे नेलीस. एक हिसका बसला नाही. सुब्बा म्हणाला, हिला शिकवायास नको, उपजत येते. मी तुझ्या कानशिलात मारिली. तू पाण्यात पडली असतीस म्हणून मारिले, असे घरी सांगितले. तू ते विसरली असशील, मी नाही. पडण्याचे भय नव्हते. ही मजपेक्षा बरी चालवील, हे दिसले होते, आणि ते मज सोसले नाही. पोटच्या पोरीचा मत्सर केला. पुढच्या वर्षी तू तोंड उघडून मागितलेस, तेव्हा हसून घालविले.

प्रमोदिनीस मी वंडी दिली म्हणून तू जळतेस. ते देणे नव्हे, सुंदरी. हातातून सुटत होते, ते जो जवळ उभा होता त्याच्या हाती गेले. तू मागितलेस तेव्हा ती धड होती, माझे डोळे धड होते, आणि द्यावे की न द्यावे हे माझ्या हाती होते. तेव्हा दिले नाही.

डोळ्यांचे तुज कळवू नको म्हणून तिला सांगितले, त्याचेही मूळ हेच. कळते तर तू धावत येऊन चाकाशी बसतीस. शेजारी बसून ते मज पाहवले नसते. प्रमोदिनीचे पाहवते. ती चुकते.

सुब्बास सर्व सांगितले. तुझे पत्रही सांगितले. तू कधी येतेस म्हणून तो विचारू लागला.

आशीर्वाद आहेत, ते न मागता मिळतील. तुजकडून काही मागण्याचा मज अधिकार राहिला नाही.

सेतुमाधव


तिरुचिरापल्ली
ता. ९ नोव्हेंबर १९५९

चि. सौ. प्रमोदिनीस,
अनेक आशीर्वाद, ह्या खेपेस मनापासून.

अप्पांचे पत्र आले त्या दिवशी दिवाळीचे तेल अजून पोरांच्या केसांत होते. मी न्हाणीघरात जाऊन वाचले. कानशिलात मारलेली मी विसरले नव्हते. इतकी वर्षे मज वाटत होते की ती मायेने मारली. आमच्याकडचे विचारू लागले, काय लिहिले आहे म्हणून. वंडीचे लिहिले आहे म्हणून सांगितले. ते खोटे नाही.

फार राग आला. चार दिवस आला. पाचव्या दिवशी भाजी चिरताना आपोआप हसू आले. दोघांपैकी कोणी एकाने जरी तेव्हा तोंड उघडून खरे सांगितले असते तर एवढे पुराण झाले नसते. पण आम्ही दोघेही तसले नाही. ह्या घरात तुज एकटीस सरळ बोलता येते, आणि तुलाच आम्ही शपथ घालून गप्प बसवले. तू माझी माफी मागितलीस ते आठवले की अजून लाज वाटते.

मी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते. पोरांस सासूबाईंकडे ठेवून एकटी येते. पहिल्यांदा सुब्बाकडे जाईन. त्याला जे सांगायचे ते अप्पांनी सांगितले असले तरी मी माझ्या तोंडाने सांगेन. तो मज काय म्हणायचे ते म्हणू दे.

त्यानंतर तुझ्याकडे एक मागणे आहे. तू मोठ्या मनाची आहेस म्हणून मागते, मी सुधारले म्हणून नव्हे. एन्नोरपर्यंत वंडी तू चालव. मी मागे बसेन आणि तोंडातून अक्षर काढणार नाही, तू गिअर कितीही उशिरा टाकलास तरी. जुन्या मिठागराच्या बांधाशी थांबव आणि उतर. तिथून सुब्बाचे घर जवळ आहे. तिथे जाऊन बस, त्याची लेक तुज कापी देईल. मी चाकाशी बसेन. अप्पा उजव्या बाजूस बसतील. त्यांस सोसवेल की नाही ते मज ठाऊक नाही. न सोसवले तरी बसू दे. मीही इतकी वर्षे त्याच जागेवर बसून सोसले.

आणि प्रमोदिनी, बांधाकडे पाठ करून बस. वळून बघू नकोस. अप्पांचे तोंड त्या वेळी कसे होते ते मज एकटीस बघायचे आहे.

लोभ आहे. हेवाही आहे, तो एवढ्यात जाणार नाही. दोन्ही सांभाळून घ्यावे.

तुझी
सुंदरी